सोसायटीच्या ग्रुपवर पेटी मागवण्याआधी: ऑनलाइन सामूहिक खरेदीचा पूर्ण हिशेब

एप्रिलमध्ये पहाटे साडेपाचच्या सुमाराला ठाण्यात मानपाड्याला आमच्या सोसायटीच्या गेटवर देवगडहून निघालेला टेम्पो लागतो. ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून आलेला असतो. पनवेलपर्यंत वेळेत पोचला तरी पुढे मुंब्रा बायपासला अडकतोच. ताडपत्री सुटली की पेंढ्याचा आणि आंब्याचा मिसळलेला वास पार्किंगभर पसरतो. मग पेट्या उतरवायच्या, खडूने फ्लॅट नंबर टाकायचे आणि आठच्या लोकलला पळणारी माणसं खाली यायच्या आत सगळं ओळीने लावून ठेवायचं. २०२० पासून मी हे करते आहे. आंबा, कांदा, इंद्रायणी तांदूळ, गहू, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याचे प्युरिफायर असं बरंच काही आम्ही एकत्र मागवलं. बहुतेक वेळा घरोघरी पैसे वाचले, काही वेळा हात पोळले.

या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. चार लोक जमले म्हणून कोणी स्वस्त देत नाही. चार लोक जमल्यामुळे विकणाऱ्याचा जो खर्च वाचतो, त्यातला वाटा म्हणजे सवलत. त्यामुळे ग्रुपवर कुठलीही ऑफर आली की मी आधी विचारते, यात वाचतंय काय आणि कोणाचं? उत्तर सापडलं तर पुढे जायचं, नाही सापडलं तर थांबायचं.

सवलत येते कुठून

तुर्भ्याच्या बाजार समितीत आलेला कांदा तुमच्या गल्लीतल्या हातगाडीवर पोचेपर्यंत त्यावर आडत, हमाली, तोलाई, टेम्पोभाडं, किरकोळ विक्रेत्याचा नफा आणि न खपलेल्या मालाची नासाडी, एवढं सगळं चढतं. नासाडी हा यातला मोठा आणि न दिसणारा भाग आहे. भाजीवाल्या मावशी सकाळी माल उचलतात तेव्हा संध्याकाळपर्यंत किती खपेल हे त्यांना माहीत नसतं. ती जोखीम त्या भावात धरतात, आणि धरायलाच हवी.

सामूहिक खरेदीत ही जोखीम जवळजवळ संपते. ३० घरांनी आधी नाव नोंदवलं, आगाऊ पैसे दिले आणि माल एकाच गेटवर उतरला, तर विकणाऱ्याला दुकान नको, तीस पत्ते शोधायला नकोत, उरलेला माल फेकायला नको. वाचतं ते हे. यातलं काहीच वाचत नसेल, म्हणजे माल नेहमीच्याच कुरियरने घरोघरी वेगवेगळा येणार असेल आणि तरीही निम्म्या भावाचं बोलणं असेल, तर तो निम्मा भाव कुठून तरी कापलेला आहे. कधी दर्जातून, कधी वजनातून, तर कधी आधी फुगवलेल्या मूळ किमतीतून.

ही पद्धत आपल्याकडे ऑनलाइनबरोबर आलेली नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली तेव्हापासून शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याच्या वाणसामानाची एकत्र मागणी नोंदवतात, माल घाऊक येतो आणि सभासद आपसात वाटून घेतात. माझ्या सासूबाई अशाच एका संघात होत्या. त्यांच्या हॉलमध्ये डाळींच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. वाटपाचं शास्त्र मी तिथेच शिकले.

ऑनलाइन प्रकार नंतरचा. अमेरिकेत २००८ मध्ये ग्रुपॉन सुरू झालं. ठरावीक संख्येने लोक जमले तरच त्या दिवसाची सवलत लागू व्हायची. आपल्याकडे स्नॅपडीलची सुरुवातही २०१० मध्ये अशाच सवलतीच्या कूपनांनी झाली होती. चीनमध्ये २०१५ मध्ये आलेल्या पिनद्वोद्वोने पुढचं पाऊल टाकलं: वस्तूला दोन भाव, एकट्याचा वेगळा आणि मित्राला लिंक पाठवून जोडी जमवली तर कमी. जयपूरहून २०१८ मध्ये सुरू झालेल्या डीलशेअरने लिंक पाठवण्याची हीच रीत किराण्यात आणली. आणि २०२० च्या एप्रिल-मेमध्ये तुर्भ्याची बाजार समिती काही दिवस बंद राहिली, तेव्हा ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांनी नाशिक-जुन्नरच्या शेतकऱ्यांना थेट फोन लावले. आमचा ग्रुप त्याच आठवड्यात तयार झाला. फळं-भाज्या राज्याने २०१६ मध्येच नियमनमुक्त केल्या होत्या. शेतकरी बाजार समितीबाहेर थेट विकू शकत होता, गरज होती ती समोर तयार गिऱ्हाईक असण्याची.

खरेदी करणाऱ्यांसाठी

पहिलं काम: तुलना एकाच मापाने करा. पेटीचा भाव पेटीशी लावू नका. पाच डझनाच्या पेटीत १८० ग्रॅमचं फळ आहे की २५० ग्रॅमचं, यावर सगळं ठरतं. १८० ग्रॅमच्या फळाची पाच डझनाची पेटी भरते १० किलो ८०० ग्रॅम, २५० ग्रॅमच्या फळाची १५ किलो. म्हणजे ‘२०० रुपये स्वस्त’ पेटी प्रत्यक्षात महाग असू शकते. तांदळात नवा की जुना हे विचारा, गव्हात जात विचारा, प्युरिफायरमध्ये मॉडेल नंबर. मग तोच माल, त्याच मापात, घरपोच खर्च धरून गल्लीत आणि अ‍ॅपवर कितीला पडतो ते बघा. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी सरळ नेहमीच्या भाजीवाल्याकडून घेते. खराब निघालेला बटाटा तो दुसऱ्या दिवशी बदलून देतो, आणि त्या सोयीची किंमत दहा टक्के नक्कीच आहे.

दुसरं: विकणारा कोण आहे ते नावानिशी कळू द्या. ‘आमच्या गावचे आहेत’ एवढं पुरत नाही. बागेचं गाव, फोन, पैसे ज्या खात्यात जाणार त्या खात्यावरचं नाव, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. यूपीआयवर पैसे टाकताना पडद्यावर खातेदाराचं नाव दिसतं, ते वाचल्याशिवाय पिन टाकू नका. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या आंब्याला. त्यामुळे ‘हापूस’ म्हणून विकणाऱ्याकडे मानांकनाच्या नोंदणीबद्दल विचारायला संकोच नको. बाजारात कर्नाटकचा आंबा हापूसच्या नावाने मिसळला जातो. नुसत्या दिसण्यावरून फसायला होतं. घरगुती मसाला, लोणचं, दिवाळीचा फराळ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नंबर मागा. घरून करणाऱ्या ताईंनाही तो घ्यावा लागतो, आणि त्यांच्याकडे असला तर त्या अभिमानाने पाठवतात.

तिसरं: संख्या जमली नाही तर काय, हे आधी लिहून घ्या. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. ‘३० पेट्या जमल्या नाहीत तर ऑर्डर रद्द, पैसे दोन दिवसांत परत’ हे वाक्य ग्रुपवर लेखी हवं. अ‍ॅपवर जोडी जमवण्याची मुदत असते, बहुधा एका दिवसाची. ती संपल्यावर पैसे मूळ खात्यात येतात की अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये अडकतात, हे अटींमध्ये शोधा. वॉलेटमध्ये आलेले पैसे म्हणजे पुन्हा तिथूनच खरेदी करायला लागणं.

चौथं: घाईला बळी पडू नका. ‘फक्त २ जागा शिल्लक’, ‘१० मिनिटांत ऑफर बंद’ हे खोटं असेल तर ती नुसती जाहिरातबाजी राहत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या डार्क पॅटर्नविरोधी (म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्यांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये खोटी घाई हा यादीतला पहिलाच प्रकार आहे. गुपचूप जास्तीची वस्तू कार्टमध्ये टाकणं आणि शेवटच्या पानावर नवे शुल्क काढणं हेही त्याच १३ प्रकारांत मोडतं. पडद्याचा फोटो काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. अ‍ॅप जोडी जमवण्यासाठी फोनमधले सगळे नंबर मागत असेल तर परवानगी न देता लिंक हाताने पाठवा, काम तेवढ्यानेही होतं.

पाचवं: पूर्ण पैसे आधी नकोत. हे मी स्वतः पोळून शिकले. दुसऱ्या वर्षी एका विक्रेत्याला आम्ही २६ पेट्यांचे सगळे पैसे आधी पाठवले. पेट्या आल्या, वरचा थर बघून सगळे खूष झाले. संध्याकाळी फोन यायला लागले: वरच्या थरात २५० ग्रॅमचं टपोरं फळ, खालच्या थरांत लिंबाएवढ्या कैऱ्या, काहींमध्ये साका, म्हणजे आतला गरच खराब. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. माझा शब्द होता म्हणून लोकांनी पैसे दिले होते, आणि त्या आठवड्यात लिफ्टमध्ये कोणी भेटलं की मला पोटात गोळा यायचा. तेव्हापासून आमचा नियम ठरला: ३० टक्के आगाऊ, बाकी माल तपासल्यावर. टेम्पो उभा असतानाच, ड्रायव्हरसमोर, कुठल्याही तीन पेट्या तळापर्यंत उघडायच्या. वरची नाही, मधली. फोटो तिथेच काढायचे. चांगल्या शेतकऱ्याला याचा राग येत नाही. उलट देवगडचे आमचे आत्ताचे बागायतदार स्वतःच म्हणतात, ‘वहिनी, खालचा थर बघून घ्या.’

आणखी एक गोष्ट मी ग्रुपवर दर हंगामात लिहिते: पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘रिफंड पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असा फोन आला तर तो चोर आहे. चुकून पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या तासात तक्रार गेली तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता मोठी असते.

ऑर्डर गोळा करणारीसाठी

हे काम बहुतेक सोसायट्यांत एखादी ताई किंवा निवृत्त काका करतात, आणि सगळा डोलारा त्यांच्यावर उभा असतो. त्यामुळे इथे जरा थांबते.

मेसेज कसा लिहायचा? लांब नको, पण एकही जागा सुटलेली नको. मी असा लिहिते:

‘देवगड हापूस, ५ डझन, फळ २२० ते २५० ग्रॅम, अर्धा कच्चा माल. पेटी २,९०० रुपये, गेटपर्यंत. किमान ३० पेट्या. नोंदणी बुधवार रात्री ९ पर्यंत, आगाऊ ९०० रुपये थेट बागायतदाराच्या खात्यात. गाडी शनिवारी पहाटे. पेटीमागे ३ फळांपर्यंत खराबी गृहीत, त्यापुढे फोटो त्याच दिवशी रात्रीपर्यंत पाठवा, पैसे वळते होतील. मला यात काहीही कमिशन नाही.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. कमिशन घेत असाल तर तेही लिहा, ‘पेटीमागे ५० रुपये माझे’. त्यात गैर काही नाही, पहाटे साडेपाचला उभं राहण्याची ती मजुरी आहे. मात्र लपवलेलं कमिशन एकदा बाहेर आलं की ग्रुप मोडतो, आणि मोडलेला ग्रुप पुन्हा जमत नाही.

पैसे शक्यतो तुमच्या खात्यातून फिरवू नका. सभासद थेट विकणाऱ्याला पाठवतील आणि व्यवहाराचा क्रमांक ग्रुपवर टाकतील, ही पद्धत सगळ्यात स्वच्छ. विकणारा एकच रक्कम मागत असेल तर त्या कामापुरतं वेगळं बचत खातं ठेवा. पगाराच्या खात्यात दोन लाख आले आणि गेले की हिशेब मांडताना आणि विवरणपत्र भरताना डोक्याला ताप होतो. नोंदींसाठी गूगल शीटवर फ्लॅट, नाव, नग, आगाऊ, बाकी, माल मिळाला, हे सहा रकाने पुरतात. सगळ्यांना दिसेल पण बदलता येणार नाही अशी ठेवा.

उधारीबद्दल एकच सांगते, भीड भिकेची बहीण. ‘पगार झाला की देते’ म्हणणाऱ्या शेजारणीला नाही म्हणणं जड जातं, पण तिची पेटी तुमच्या पैशाने आली तर ती तुमची पदरमोड, आणि पुढच्या खेपेला असे चार जण असतात. आगाऊ आले नाहीत तर नाव नाही, हा नियम सगळ्यांना सारखा.

आता वाटप. कांद्याच्या पहिल्या गोणीची गोष्ट सांगते. ५० किलोची गोणी, दहा घरं, प्रत्येकी ५ किलो. मी आणि शेजारच्या काकू काट्यावर बसलो. नऊ घरांचं झालं आणि दहाव्याच्या पिशवीत भरला ४ किलो १०० ग्रॅम. गोणी पुन्हा झटकली, खाली साल आणि माती. आधी वाटलं गोणीच कमी भरली. मग काकूंनी आधी तोललेल्या पिशव्या पुन्हा काट्यावर ठेवल्या तर प्रत्येक पिशवी ५ किलो १०० ग्रॅमची. आपल्याला झुकतं माप द्यायची सवय. नऊ घरांना शंभर-शंभर ग्रॅम जास्त गेले, ते ९०० ग्रॅम दहाव्या घराचे होते. तेव्हापासून आम्ही गोणी आल्यावर आधी आख्खी तोलतो, त्यातून सडका आणि माती काढून पुन्हा तोलतो, आणि उरलेल्या वजनाला घरांनी भागतो. प्रत्येकाला ४ किलो ८५० आले तर ४ किलो ८५०, पण सगळ्यांना सारखे. काटा वैधमापन विभागाने पडताळलेला, शिक्का असलेला आणा. कोपऱ्यावरचा वाणी तासाभरासाठी देतो.

सोसायटीच्या कमिटीला आधी लेखी कळवा. कुठली जागा, किती वेळ, टेम्पोचा नंबर. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये गाडीची नोंद आदल्या रात्री करून ठेवा, नाहीतर पहाटे सिक्युरिटीवाले दादा गाडी आत सोडत नाहीत आणि त्यांचं बरोबरच असतं. पेंढा, सुतळी, फुटलेली खोकी दहाच्या आत उचलायची जबाबदारी तुमची.

विकणाऱ्यांसाठी

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती किमान संख्या ठरवताना. बरेच शेतकरी आणि छोटे उद्योजक गोल आकडा धरतात, ‘२० जमले की पाठवतो’. हा आकडा हिशेबातून यायला हवा. समजा आंब्याचा बागेतला भाव पेटीला २,२०० रुपये. रिकामी पेटी, पेंढा, भरणावळ १५०. देवगड ते ठाणे टेम्पो १२,००० रुपये, पेट्या १५ असोत की ४०. वर नासाडी आणि परताव्यासाठी ५ टक्के.

४० पेट्या असतील तर टेम्पोचे पेटीमागे ३००, म्हणजे २,६५० आणि ५ टक्के धरून साधारण २,७८०. विक्री २,९०० ला केली तर पेटीमागे सव्वाशेच्या आसपास हातात. १५ पेट्या असतील तर टेम्पोचेच ८०० बसतात, खर्च ३,३०० च्या वर जातो आणि त्याच २,९०० ला विकलं तर प्रत्येक पेटीमागे ४०० हून जास्त खिशातून. याच आकड्यांत २,९०० चा भाव टिकतो तो ३० पेट्यांपासून पुढे. म्हणून वरच्या मेसेजमध्ये ३० लिहिलं आहे. बागेतल्या २,२०० मध्ये तुमची मजुरी आणि फवारणी आलेली आहे असं धरलं आहे. ती धरली नसेल तर आधी ती जोडा.

संख्या कमी पडली तर तीन वाटा असतात. जवळच्या दोन सोसायट्या एका गाडीत घ्या: मानपाडा आणि कोलशेत, किंवा नेरूळ आणि सीवूड्स. टेम्पोचं भाडं वाटलं गेलं की हिशेब लगेच सुधारतो. नाहीतर भाव बदलून विचारा. किंवा रद्द करा. तोटा सोसून ‘ओळख होईल’ म्हणून पाठवू नका. पुढच्या खेपेला लोक तोच भाव मागतात.

नोंदणीची मुदत आणि गाडी निघणं यांत एक पूर्ण दिवस ठेवा. बुधवारी रात्री आकडा पक्का, गुरुवारी तोड, शुक्रवारी भरणी आणि गाडी, शनिवारी पहाटे ठाणे. शनिवार कारण लोक घरी असतात आणि पेटी त्याच दिवशी उघडून बघतात. सोमवारी दिलेली पेटी गुरुवारपर्यंत बंद राहते आणि तक्रार तुमच्या माथी. आंब्याबरोबर एक छापील चिठ्ठी घाला: पेटी लगेच उघडा, फळं पेंढ्यात एका थरात पसरा, फ्रिजमध्ये ठेवू नका, पाड लागलेली आधी खा. माझ्या अनुभवात ही एक चिठ्ठी निम्म्या तक्रारी कमी करते.

कूपनच्या अ‍ॅपवर सेवा विकणाऱ्यांचा हिशेब आणखी कडक आहे. राम मारुती रोडवरचं एखादं पार्लर समजा. १,००० रुपयांचं फेशियल कूपनवर ५०० ला. त्यातला मोठा वाटा, ग्रुपॉनच्या पद्धतीत साधारण निम्मा, मध्यस्थाचा. हातात आले २५०. साहित्याला १८० गेले तर उरले ७०, आणि खुर्ची तासभर अडली. रिकाम्या मंगळवार दुपारी हे परवडतं, शनिवारी संध्याकाळी परवडत नाही. म्हणून कूपन देताना वार, वेळ आणि एकूण संख्या यांवर मर्यादा घालाच. नाहीतर नेहमीच्या गिऱ्हाइकांना जागा मिळत नाही, आणि सवलतीला आलेले सवलत संपली की दुसरीकडे जातात.

कागदपत्रांचं थोडक्यात: महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. ताज्या फळांवर-भाज्यांवर कर नाही. पाकीटबंद मालावर एमआरपी, निव्वळ वजन, तारीख, नाव-पत्ता छापलेला हवाच. मग तो माल ओळखीच्या ग्रुपवर का विकेना. बिल द्या, मागितलं नाही तरी.

मोठी खरेदी

घोडबंदर रोडला किंवा खारघरला नव्या इमारतीचा ताबा मिळाला की पहिल्या महिन्यात जाळ्या, ग्रिल, प्युरिफायर, मॉड्युलर किचन यांच्या ग्रुप डील येतात. इथे बचत खरी असते, कारण कारागीर एकदाच येतो आणि सगळ्या खिडक्या एकाच मापाच्या असतात. पण बिल प्रत्येक घराच्या नावाने वेगळं घ्या. वॉरंटी कार्डावर सिरियल नंबर आणि तुमचं नाव हवं. आमच्या इथे प्युरिफायरचं ४० घरांचं एकच बिल झालं होतं. दीड वर्षाने मोटर बिघडली तेव्हा सर्व्हिसवाल्याने ज्याच्या नावाने बिल त्यालाच ओळखलं.

फ्लॅटच्या ग्रुप बुकिंगमध्ये महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक स्वतः संकेतस्थळावर तपासा, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. रेरा कायद्यानुसार बिल्डरला ती घेताच येत नाही. गट जमवणाऱ्याला बिल्डरकडून काय मिळतं, हे सरळ विचारा.

आणि एक वेगळाच प्रकार ग्रुप खरेदीच्या नावाने फिरतो: ‘पाच जण आणा, तुमचं सोनं निम्म्या भावात’. कमाई मालातून न होता माणसं जोडण्यातून होत असेल तर ती साखळी योजना आहे, आणि अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मेसेजला उत्तर देऊ नका आणि पुढेही पाठवू नका. तुमच्या नावावर विश्वास ठेवून कोणी तरी पैसे भरेल.

बिनसलं तर

आधी विकणाऱ्याला लेखी, फोटोसह, त्याच दिवशी. अ‍ॅप असेल तर त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तिथे काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विकणारा राजस्थानचा असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. लागतात ते मेसेज, पैसे भरल्याचे क्रमांक आणि पेटीच्या खालच्या थराचे फोटो.

पहिली ऑर्डर कुठली घ्यावी

आंब्याने सुरुवात करू नका. तो महाग, नाजूक, आणि लोकांच्या भावना त्यात गुंतलेल्या. एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये उन्हाळी कांदा घ्या. तो टिकतो, दोन दिवस उशीर झाला तरी बिघडत नाही, आणि दहा घरांची एक गोणी एवढी छोटी ऑर्डर असते की चूक झाली तरी भरून निघते. लासलगाव-निफाडकडचा, मध्यम आकाराचा, मान सुकलेला, वरचं साल कोरडं वाजणारं असा मागा. गोणी आली की तोंड लगेच उघडा, पार्किंगमध्ये जुन्या चादरीवर पसरा, मऊ पडलेले आणि कोंब आलेले बाजूला काढा, मग तोला. घरी नेल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका असं सगळ्यांना सांगा. टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत, वारा लागेल असा, आणि बटाट्यापासून लांब.